सही कुठे करू?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. घरासाठी कर्ज मंजूर झाले आणि ‘सह्या करायला या’ असा निरोप आला. जामीन म्हणून वडील बरोबर होते. ते निवृत्त शिक्षक. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि जिथे जिथे सही हवी, तिथे तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी भराभर सह्या करू लागलो. वडिलांनी मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि पहिले पान वाचायला घेतले. समोरचा तरुण कर्मचारी थोडा वेळ थांबला. मग अदबीनेच म्हणाला, ‘काका, वाचत बसलात तर संध्याकाळ होईल. सगळ्यांना हेच कागद असतात. फुली दिसेल तिथे सही करा.’ वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मागे रांग होती. त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारले, ‘सही कुठे करू?’

आठ-दहा महिन्यांनी खात्याचा उतारा पाहताना एका विम्याचा हप्ता वळता झालेला दिसला. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या गठ्ठ्यात विम्याचा अर्जही होता आणि त्यावर सही माझीच होती. सही खरी, अगदी फुलीवर केलेली. फसवले म्हणायला जागा नव्हती आणि समजून केली असेही म्हणता येत नव्हते.

अलीकडे माझ्या भाच्याने कर्ज घेतले ते घरी बसून, मोबाईलवर. गठ्ठा नाही, फुल्या नाहीत, रांग नाही. सगळे कागद एकाच ऑनलाइन फॉर्ममध्ये गोळा केलेले. शेवटी मोबाईलवर सहा आकडी ओटीपी आला, तो घातला आणि सही झाली. मी विचारले, ‘आत काय काय होतं रे?’ तो हसला. म्हणाला, ‘मामा, ते कोण बघतं?’

श्रोतेहो, ही सोय मोठीच आहे. तिला नावे ठेवण्यासाठी मी आज बोलत नाही. पण इतके वेगवेगळे कागद, इतक्या वेगवेगळ्या सह्या आपल्याकडे आल्या कुठून? आणि ते सगळे एकत्र बांधताना काय सांभाळायला हवे? याचे उत्तर जुन्या दप्तरांत सापडते.

आपण सहज म्हणतो, ‘अमुक गोष्टीवर शिक्कामोर्तब झाले.’ हा शब्द जोडशब्द आहे. शिक्का पत्राच्या माथ्यावर आणि मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याला प्रसिद्ध अष्टकोनी राजमुद्रा असते आणि मजकूर जिथे संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे शब्द असलेली छोटी मुद्रा उमटवलेली असते. मर्यादा म्हणजे सीमा. मजकूर इथे संपला, याच्या पुढे एक अक्षरही आमचे नाही, असे सांगणारी ती खूण. पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी ‘लेखनसीमा’ असते, तिचाही अर्थ तोच. मधल्या कोऱ्या जागेत कुणी चार शब्द घुसडू नयेत, याची ती तजवीज होती.

मोडीतली लांबलचक पत्रे एका कागदावर मावत नसत. मग कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून लांब पट्टी करत. अनेक कागदांचा एक कागद करण्याची ही जुनी रीत. पण चिकटवलेला सांधा म्हणजे धोक्याची जागा. मधला एक बंद काढून दुसरा डकवला तर? म्हणून सांध्यावर, पाठीमागच्या बाजूने, शिक्का मारत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. बंद बदलला तर शिक्का तुटतो. आजही अनेक पानी दस्ताच्या पानापानावर आपल्याकडून सही घेतात, त्यामागे हीच चिंता आहे.

दुसरा प्रकार महजराचा. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, साक्षीपुरावे होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. कागद एकच, पण त्याखाली अनेकांच्या साक्षी. ज्यांना लिहिता येत नसे, ते आपापली निशाणी करत. पाटलाची निशाणी नांगर, शेटे-महाजनांची तागडी. मात्र निशाणी करणारा माणूस त्या सभेत बसलेला असे. वाद त्याच्या कानावरून गेलेला असे. कशाखाली नांगर काढतो आहोत, हे पाटलाला ठाऊक असे. अक्षरओळख नसली तरी समजून घेण्याची वाट होती.

ब्रिटिश अमदानीत कागदाचे बळ वाढले आणि ही वाट अरुंद झाली. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. उद्या हा सही नाकारेल, या शंकेने हर्शेलने त्याच्या तळहाताला शाई लावून कराराच्या पाठीवर सबंध पंजाचा ठसा घेतला. पुढे हर्शेलने हुगळीला १८७७ मध्ये दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. अंगठ्याचा ठसा आपल्या सरकारी कागदांवर आला तो या वाटेने. सही कुणाची, हा प्रश्न त्याने सोडवला. पण ती समजून केली की नाही, हे अंगठा सांगत नाही.

याची किंमत दख्खनच्या शेतकऱ्याने मोजली. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जरोखा तीनच वर्षे चालेल, असा त्याचा आशय. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा हेतू. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागले. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज. म्हणजे हाही अनेक कागदांचा एक कागद करण्याचाच प्रकार! जुना हिशेब नव्या रोख्याच्या पोटात जाई आणि वर फक्त एक आकडा दिसे. तो आकडा कसा झाला, हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नसे. पावती मिळत नसे, रोख्याची नक्कल मिळत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात याचा भडका उडाला. बाजाराच्या गावी आजूबाजूचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडून वह्या आणि कर्जरोखे मागितले, ते जाळले. लोण पुढे नगर जिल्ह्यात पोचले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. ज्यावर आपली निशाणी आहे पण ज्यात काय आहे हे आपल्याला कळत नाही, तो कागद नाहीसा करायचा, एवढाच मार्ग त्यांना दिसला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्याची चर्चा जप्ती आणि व्याजाच्या अंगाने नेहमी होते. मला त्यातले एक कलमवार आलेले, काहीसे दुर्लक्षित प्रकरण महत्त्वाचे वाटते, ते गावनिबंधकाचे. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावनिबंधकाने स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवायचा. आधी माणसाची ओळख पटवायची. व्यवहार काय ठरला, ते त्याच्या तोंडून ऐकायचे. मग लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्यानंतर सही किंवा निशाणी घ्यायची. नोंद झाल्यावर एकाला मूळ कागद, तर दुसऱ्याला नक्कल. शिवाय पैसे फेडल्याची पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्कही कायद्याने दिला.

ओळख, वाचन, सही, नक्कल. या क्रमाने चाललेला व्यवहार म्हणजे समजून केलेली सही. या कायद्याने शेतकऱ्यांचे सगळे प्रश्न सुटले असे नाही, पण रोग कुठे आहे हे त्याने नेमके ओळखले होते.

कागद एकत्र केल्याने माणसाचे भलेही होते, याचे उदाहरण तर आपल्या घरोघरी आहे. सातबारा! हा एक कागद आहे असे आपण समजतो, पण नावातच दोन आकडे आहेत. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख. जमीन कुणाची, किती, बोजा कोणता. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. त्या जमिनीत कुणी काय पिकवले. दोन वेगळ्या नमुन्यांतली माहिती एकाच पानावर, वर सात आणि खाली बारा अशी आली आणि तो कागद मराठी माणसाच्या तोंडी इतका बसला, की कुणाच्या सर्वस्वाला आपण त्याचा ‘सातबारा’ म्हणू लागलो. हे जोडकाम यशस्वी का झाले? कारण जोडल्यावरही सात हा सातच राहिला आणि बारा हा बाराच. मालकीच्या रकान्यात पीक शिरले नाही. दोन्हींमधली रेघ कायम राहिली.

याच सातबाऱ्याला २०१८ मध्ये महाराष्ट्रात डिजिटल सही मिळाली. तलाठ्याच्या सहीशिक्क्यासाठी खेटे घालणाऱ्यांना या बदलाचे मोल सांगायला नको.

ही डिजिटल सही म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, सहीचा फोटो काढून कागदावर चिकटवला की झाली डिजिटल सही. तसे नाही. संगणक आधी सबंध दस्तातून गणिताने एक ठरावीक लांबीचा आकडा काढतो. त्याला दस्ताच्याच अंगठ्याचा ठसा म्हणा. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा आकडा पार बदलतो. मग सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने त्या आकड्यावर प्रक्रिया होते. तीच सही. त्याची जोडीची किल्ली जाहीर असते, तिने कुणीही ती सही तपासू शकतो. दोन किल्ल्यांची ही कल्पना व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला, १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि डिजिटल सहीला कायद्याची मान्यता मिळाली. २००८ च्या दुरुस्तीने सहीच्या इतर इलेक्ट्रॉनिक पद्धतींना दार उघडले आणि २०१५ पासून आधारच्या ओळखीवर, ओटीपी घालून करायची ई-सही आली. माझ्या भाच्याने केली ती अशीच. मृत्युपत्र आणि विश्वस्तपत्र हे कागद मात्र कायद्याने या सोयीबाहेर ठेवले आहेत. तिथे अजूनही हाताने सही लागते.

पाहा, ‘मर्यादेयं विराजते’ जे सांगत होते, तेच काम हे गणित करते. सही झाल्यावर यात काही घुसडता येणार नाही. सांध्यावरच्या शिक्क्याची गरजच उरली नाही, कारण पन्नास पानांची फाईल असली तरी एक सही सगळ्या पानांना बांधून ठेवते.

एकत्र फॉर्मची खरी गंमत पाहायची तर कंपनीनोंदणीचे उदाहरण घ्यावे. पूर्वी कंपनी काढायची म्हणजे नावासाठी एक अर्ज, संचालकाच्या क्रमांकासाठी दुसरा, नोंदणीसाठी तिसरा, मग पॅन, टॅन, भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी विमा, बँकेत खाते. प्रत्येक ठिकाणी तेच नाव, तोच पत्ता पुन्हा लिहायचा आणि एका ठिकाणी पत्त्यात चूक झाली की पुढचे सगळे अडायचे. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘स्पाइस’ नावाचा एकत्र अर्ज आणला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ‘स्पाइस प्लस’. त्यात दहा सेवा एकत्र आल्या. तीन केंद्रीय मंत्रालये आणि विभाग त्यात होते आणि राज्य सरकारांपैकी सुरुवातीला एकटा महाराष्ट्र होता, व्यवसायकराच्या नोंदणीसाठी.

या अर्जाची रचना शिकण्यासारखी आहे. माहिती एकदाच भरायची, ती जिथे जिथे लागते तिथे आपोआप जाते. पण कंपनीची घटना, तिचे नियम आणि संचालकांची प्रतिज्ञापत्रे हे कागद अर्जात विरघळवलेले नाहीत. ते जोडलेले, पण वेगळे, आणि त्यांच्यावर डिजिटल सहीही वेगळी. म्हणजे श्रम एकत्र केले आणि संमती वेगळी ठेवली. सातबाऱ्यातली रेघ इथे पुन्हा दिसते.

घर भाड्याने देण्याचा करारही महाराष्ट्रात आता ऑनलाइन नोंदवता येतो. मालक, भाडेकरू, साक्षीदार, मुद्रांकशुल्क, नोंदणीशुल्क, सगळे एका ठिकाणी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला बाक आणि तिथली तासन् तास वाट पाहणे ज्यांनी अनुभवले आहे, ते याला दुवाच देतील. वृद्ध मालकाला जिना चढावा लागत नाही, भाडेकरूची एक रजा वाचते. गरिबाची तर एका सहीसाठी एक दिवसाची मजुरी बुडत असते, हे आपण विसरतो. म्हणून जुन्या कागदांच्या आठवणीने गळा काढण्यात अर्थ नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. मुद्रा असो, अंगठा असो, नाहीतर गणित असो, या सगळ्यांची राखण सही झाल्यानंतर सुरू होते. सही होण्याच्या आधीच गठ्ठ्यात काय सरकवले आहे, ते कोणतीही मुद्रा थांबवू शकत नाही. उलट, एकदा सही झाली की ती त्या सरकवलेल्या कागदालाही तितक्याच इमानाने बांधून ठेवते. माझ्या विम्याच्या अर्जाला माझ्याच खऱ्या सहीने बांधले, तसे. आणि कागदाच्या गठ्ठ्यात निदान जाडी तरी दिसत होती. नवे पान आले, की हात क्षणभर थांबत होता. एकत्र फॉर्मला जाडी नाही. शेवटी एकच बटण आहे.

ही गोष्ट आता नियम करणाऱ्यांच्याही ध्यानात आली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. ग्राहकाने न मागितलेली वस्तू किंवा सेवा त्याच्या नकळत खरेदीत घालणे हा त्यातलाच एक. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदतकर्जांसाठी मुख्य माहितीचे पत्रक सक्तीचे केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या कर्जांना ते लागू झाले. कर्जाचा सगळ्या खर्चासह एकूण वार्षिक दर किती, कोणकोणते आकार लागणार, हे त्यात द्यायचे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहायचे, त्याला समजावून सांगायचे आणि त्याला समजल्याची पोच घ्यायची. त्यात न सांगितलेला आकार पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमती नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली हवी, असे म्हणतो आणि संमतीची विनंती आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी आपल्या भाषेत वाचण्याची मुभा देतो. मराठी त्यात आहेच.

हे वाचताना मला १८७९ चा गावनिबंधक आठवला. समजेल अशा भाषेत सांगा, मग सही घ्या, नक्कल द्या. जवळजवळ दीडशे वर्षांनी आपण पुन्हा त्याच चार पायऱ्यांशी आलो. फरक एवढाच, की तेव्हा मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस समोर असे. आता ते काम पडद्याला करायचे आहे आणि पडदा बनवणाऱ्याने मनावर घेतले तर तो ते करूही शकतो. एकत्र फॉर्म करा, जरूर करा. नाव, पत्ता एकदाच विचारा. पण आत किती कागद आहेत, त्यांची यादी सुरुवातीला द्या. कर्जाची संमती वेगळी, विम्याची वेगळी, माहिती दुसऱ्याला देण्याची वेगळी ठेवा. चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवू नका. आणि सही झाल्याबरोबर पूर्ण नक्कल माणसाच्या हाती जाऊ द्या.

आपल्यालाही थोडे करता येण्यासारखे आहे. ओटीपी घालण्याआधी फाईल उघडावी, पाने मोजावीत, पैशांचे आकडे असलेली पाने तरी वाचावीत. न कळलेले विचारावे. समोर कुणी माणूस नसेल, तर घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. मोठ्याने वाचले की न कळलेले वाक्य लगेच कळते!

भाच्याला मी तसे करायला लावले. त्याने कुरकुरत फाईल उघडली आणि आम्ही दोघे वाचत बसलो. एकतीस पाने निघाली, अर्धा तास गेला. विमा नव्हता. पण एका पानावर, आपला फोन क्रमांक इतर कंपन्यांना देण्याची संमती त्याने दिली होती. ती काढून घेण्याची सोयही तिथेच, बारीक अक्षरांत, लिहिलेली होती. त्याने ती काढून घेतली.

वडील आज नाहीत. ते पहिले पान त्यांना पुरे वाचू दिले असते तर, असे अजून वाटते. ‘सही कुठे करू?’ हा त्यांचा प्रश्न नव्हताच. तो आम्ही घाईने त्यांच्या तोंडी घातला. त्यांना विचारायचे होते ते एवढेच, की हे कशासाठी आहे?